मधली तार

बळीरामबाबा चहा बशीत ओतत. पहिली बशी स्वतः पीत नसत. शेजारी जो असेल त्याच्यापुढे सरकवत.

कुणाच्या घरी गेले की चपला दाराकडे तोंड करून काढत. म्हणत, "निघायच्या वेळेला घरवाल्याला धीर राहतो."

पाणी पिण्याआधी डोळे मिटत. इतकं थोडं, की बघणाऱ्याला वाटावं डोळ्यात कचरा गेला.

खिशात कंगवा नव्हता. राखेची डबी होती.

घाम पालथ्या हाताने पुसत, तरी कपाळाला राख लागायचीच. "बाबा, तुम्ही ख्रिस्ती की जोगी?" असं खात्यातले लोक विचारायचे. "सोमवार ते शनिवार जोगी," बाबा म्हणायचे. "रविवारी आंघोळ करस ना भाऊ."

काम करताना त्यांचे ओठ हलत.

आणि कामाच्या बरोबर मध्यावर आले की ते थांबत. हात थांबायचे, ओठही. समोर कुणी बसलंय अशी नजर लावून बघायचे. समोर कुणी नसायचं.

बाबा गेले त्याला फार दिवस झालेले नाहीत. मला अजून धड काही सुचत नाही. जे आठवतं ते लिहितो आहे.

मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात काम करतो. तयार कापडाचे ताके लिहून घेतो. साहित्यात एम.ए. केलं, नोकरी मिळेपर्यंत म्हणून इथे आलो आणि राहिलो. माझं नाव हर्षल. इथे मला बाबांशिवाय कुणी हर्षल म्हणत नाही, एम्मे म्हणतात. कारखान्याला कुणी कारखाना म्हणत नाही, खातं म्हणतात. खात्यात लूम दिवसरात्र चालतात. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं.

बाबांचं काम सांधणीचं. लूमच्या मागे एक मोठा रूळ असतो, त्यावर कापडाचे उभे धागे गुंडाळलेले असतात. तो बीम. विणून विणून बीम संपतो. तेव्हा जुन्या धाग्यांची टोकं काढत नाहीत, लूममध्ये तशीच लोंबती ठेवतात. नवा बीम चढवतात आणि त्याची एकेक तार जुन्या एकेका टोकाला जोडतात. दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, सोडायची. बोटं घसरू नयेत म्हणून राख. बस इतकंच. पण तारा हजारोंनी असतात, आणि एक जरी सुटली तरी कापडात उभी चीर पडते. ती चीर मग ताक्यामागून ताका चालत राहते.

बाबा साक्री तालुक्यातल्या एका गावचे. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. सुरतेत येऊन जन्म गेला, पण बोलणं अहिराणीच. माझ्याशी बोलताना मराठी सुरू करायचे आणि दुसऱ्या वाक्याला अहिराणीत घसरायचे. माझी आई अमळनेरची, त्यामुळे मला अडत नसे.

त्यांचे ओठ का हलतात हे आम्हाला वीज गेली म्हणून कळलं.

भर दुपारची वेळ होती. सगळी लूम एकदम थांबली. तसली शांतता खात्यात कुणी ऐकलेली नसते. कान दुखतात. आणि त्या शांततेत मागच्या कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला. त्यांना वीज गेल्याचा पत्ताच नव्हता.

"...चेतन चहावाला. चेतननी बायको. तिना पोटमधलं लेकरू. शेठ. शेठना गुडघा. गेटवरना भैया. भैयानी म्हातारी माय. प्रमिलाबाई. प्रमिलाबाईनी जीभ..."

सगळं खातं हसलं. उडिया कारागिरांना शब्द कळले नाहीत, तेही हसले. चेतन तेव्हा चहाची किटली घेऊन आत आलेला होता. तो तिथेच उभा राहिला.

"बाबा, माझी बायको कशाला घेताय मधे? काय केलं तिने?"

"काही नही रे. दिवस भरत आले, तरी ती पाण्याचा हंडा उचलस. मी पाहिलं काल."

"मग?"

"मग काय. तुले तर सांगाले पाहिजे. तू दिसना नही, म्हणून देवले सांगितलं."

एका तारेला एक नाव. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. असं किती वर्षं चाललं होतं हे त्यांनाही सांगता आलं नाही. "लूमचा आवाज मोठा," ते म्हणाले. "मला वाटलं देवालाच ऐकू जातं."

त्या दिवसापासून खात्यात एक शब्द रुजला. कुणाचं लेकरू आजारी पडलं, कुणाचं गावी भांडण झालं, तर तो जाता जाता बाबांना म्हणायचा, "बाबा, बीममध्ये घ्या." मराठी, भैया, उडिया, सगळे. आमचा शेठसुद्धा एकदा जवळ येऊन उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बळीराम, छोकरानी परीक्षा छे. बीममां लेजे."

"लईश, शेठ," बाबा म्हणाले. "पण वांचवुं तो एने ज पडशे." घेईन, पण अभ्यास त्यालाच करावा लागेल, असं.

माझंही नाव त्यात होतं. मी घ्या म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या धर्माचा नाही, आणि होईन का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा विचारलं, "माझ्यासाठी काय मागता?" तर म्हणाले, "मागत नही. तुनं नाव घेस फक्त. काय पाहिजे ते त्याले दिसस."

बाबांचा गुडघा दुखायला लागल्यावर दर रविवारी मी त्यांना माझ्या गाडीवर भेस्तानला न्यायला लागलो. तिथे एका भाड्याच्या खोलीत त्यांची मंडळी जमते. थोडी घरं, सगळी मराठी. बाबांच्या बायको अनुसयाकाकू शेजारणीबरोबर रिक्षाने पुढे जायच्या. प्रमिलाबाई पेटी वाजवायच्या आणि मधेच कुणाचा सूर चुकला तर गाणं न थांबवता त्याच्याकडे बघायच्या. अशोक पाळक प्रवचन करायचे. मी मागे, चपलांजवळ बसायचो.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. भाकरीचे बारीक तुकडे केलेली थाळी रांगेतून फिरते. प्रत्येकजण एक तुकडा घेतो आणि थाळी पुढे देतो. बाबा थाळी हातात घेत. तिच्याकडे बघत. आणि तुकडा न उचलता पुढे देत.

पहिल्यांदा मला वाटलं त्यांचा उपवास असेल. मग दर महिन्याला तेच दिसायला लागलं. मंडळीत कुणी मेलं की रात्रभर बसणारे बाबा, कुणाचं घर गळलं की शिडी घेऊन जाणारे बाबा. पाळक बाहेरगावी असले की प्रार्थना सांगायलाही बाबाच. आणि थाळी आली की हात मागे.

प्रमिलाबाईंनी एकदा बाहेर पडताना सुनावलंच. "बळीरामभाऊ, एवढं कुठलं पाप करून बसलाय, की येशूच्या ताटातलंही चालत नाही?"

"भूक नसते सकाळी," बाबा म्हणाले.

"तुम्हाला? तुम्ही माझ्या घरी न्याहारीला चार भाकरी खाल्ल्यात."

"त्यामुळेच," बाबा म्हणाले, आणि माझ्या गाडीवर बसले.

परत येताना वाटेत आम्ही उसाच्या रसाच्या गाडीवर थांबलो. मी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं.

त्यांना एक धाकटा भाऊ. भटू. दोघंही सांधणीवाले, दोघं मिळून सुरतेत आलेले. बीम असेल तर दोघं दोन कडांना बसायचे. बाबा उजव्या कडेला, भटू डाव्या. दोघं आपापल्या कडेकडून सांधत मध्याकडे यायचे. मधली तार राहिली की एकाने जुनं टोक धरायचं, दुसऱ्याने नवं, आणि दोघांनी मिळून पीळ द्यायचा. त्यांच्या बापाने, जो हातमागावर बसायचा, तसंच शिकवलं होतं. बापाचं म्हणणं असं, की मधली तार एकट्याने जोडली तर भावाभावांत पडतं.

"पडलं मग?" मी विचारलं.

"पडलं. पण तारमुळे नही. मन्हामुळे."

त्यांची आई बाबांकडे असायची. ती आजारी पडली, अंथरुणाला खिळली, बरेच दिवस तशीच होती. भटू त्या वेळी कामासाठी राजकोटकडे गेलेला. बाबांनी निरोप पाठवले. तो आला नाही. शेठ सोडत नाही म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. मग आई गेली. भटूने फोनवर रडत सांगितलं, मी निघालो, सकाळपर्यंत पोचतो, आईला ठेवा. बाबांनी ठेवलं नाही. त्याच संध्याकाळी माती दिली. सकाळी भटू आला तेव्हा आईच्या जागी ओली माती होती.

"मी सगळ्यांना सांगितलं, देह टिकणार नाही. पाळक म्हणाले बरोबर. मंडळी म्हणाली बरोबर. भटूनेबी तेच खरं धरलं, की भावाने नुसती घाई केली." बाबांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "डिसेंबर होता, हर्षल."

मला पटकन कळलं नाही.

"थंडी व्हती. चांगली थंडी. माय दोन दिवस राहिली असती. माले राग होता. इतके दिवस आला नाहीस ना, आता तोंडबी नको पाहू. असं मनात म्हटलं मी. आणि वरून देह टिकणार नाही म्हटलं."

रसवाल्याचं चाक फिरत होतं. घुंगरं वाजत होती.

"आमच्यात असं आहे," ते म्हणाले. "देवापुढे जायचं आणि भावाचं मन आपण मोडलंय हे आठवलं, तर देवाला थांबायला सांगायचं. आधी भावाकडे जायचं. म्हणून मी थाळी पुढे देतो. मला घ्यायचा हक्क नाही, असं नही. मन्हं जाणं बाकी शे."

"पाळकांना सांगितलं का?"

"त्यांना सांगितलं तर ते लगेच माफ करतील. देवाकडून. देवानं तर कधीच केलं असेल. माले भटूनी पाहिजे." मग हसले. "तुला सांगितलं, कारण तू आमच्यातला नाहीस. तू लगेच माफ करणार नाहीस."

मी म्हणालो, "मग जा ना. भटूकाका कुठे असतात आता?"

"पलसाण्याला."

पलसाणा म्हणजे काही दूर नाही. पांडेसऱ्याहून निघालं तर चहा निवायच्या आत पोचतो असं लोक थट्टेने म्हणतात. बाबा दोनदा निघाले होते. एकदा बसमधून अर्ध्यावर उतरले. एकदा भटूकाकांच्या खात्याच्या दारापर्यंत गेले, वॉचमनने "कोण पाहिजे?" विचारलं, आणि बाबा म्हणाले, "काही नाही, पाणी मिळेल का?" पाणी पिऊन परत आले.

"तोंडासमोर तोंड आलं की बोलता येत नाही," ते म्हणाले. "बीमवर बसल्यावर बोलता येतं. हात कामात असतात. नजर तारेवर असते. समोरच्याला बघावं लागत नाही."

तेव्हा मला कळलं, मध्यावर आल्यावर ते कुणाकडे बघत थांबतात. मधली तार ते भटूच्या नावाने जोडत. एकट्याने.

मे महिन्यात खात्यात नवं लूम आलं, रुंद पन्ह्याचं. त्याचा बीमही तसाच मोठा. पहिल्यांदा तो सांधायची वेळ आली तेव्हा शेठ म्हणाला, आणखी एक माणूस घे. बाबा माझ्याकडे आले. हातात फोन होता.

"भटूचा नंबर लावून दे."

"सेव्ह केलेला आहे की तुमच्याकडे. नाव आहे त्यात."

"नाव शे. बोट जात नही."

मी लावला. आवाज मोठा ठेवला, कारण खात्यात होतो. आम्ही जिन्याखाली जाऊन उभे राहिलो.

"भटू. बळी बोली ऱ्हायनू."

 मागे लूमचा आवाज तेवढा येत होता, त्यांच्याही आणि आमच्याही.

"बीम मोठा शे. एकटाना हातनी व्हवाव नही. तू ये. पहिलेसारखं दोन्ही बाजूथीन."

 मग भटूकाकांनी विचारलं, "आजून राखच लावस का बोटले?"

"राखच."

"पाहू."

"पाहू नको, भटू. एम्मे म्हणून पोरगा शे, तो दाखवील. ये."

"येसू. परोंदिस सकाळले."

परोंदिस म्हणजे परवा. बाबांनी फोन खिशात ठेवला, मग परत काढला आणि बंद झालाय का ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी चहाची पहिली बशी स्वतः प्यायली. चेतनने मला डोळ्याने खुणावलं, म्हातारा खूश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि बीमला बसले. मी म्हणालो, "उद्या भटूकाका येणार ना? दोघांनी मिळून सुरू करायचं होतं."

"मन्ही बाजू करून ठेवतो. तो आला की त्याच्या हातालाच काम. मला बोलायला मोकळीक."

दिवसभर ते उजव्या कडेकडून सांधत राहिले. ओठ हलत होते. दुपारी शेठ येऊन बघून गेला. म्हणाला, एवढ्या वेगाने चाललाय तर पुढचंही ओढून टाक, रात्रीपर्यंत होईल, लूम बंद पडलंय. बाबांनी नाही म्हटलं. शेठला त्यांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मध्यावर आले तेव्हा त्यांनी मधली तार वेगळी काढली, लूमच्या बाजूला एक खिळा होता त्याला हलकेच अडकवली. जुनं टोकही बाजूला काढून ठेवलं. डावी बाजू सगळी जशीच्या तशी ठेवली. भटूची म्हणून.

मग नळावर हात धुवायला गेले. तिथे ओट्यावर बसले. चेतन चहा घेऊन गेला तर म्हणाले, ठेव, उन्हाने जरा डोळ्यापुढे अंधारी आली. चेतन बशी भरून ठेवून पुढे गेला. परत आला तेव्हा बशी भरलेली तशीच होती आणि बाबा भिंतीला टेकलेले होते. नळ चालू होता.

मी नळ बंद केला. मला तेवढंच आठवतं. दवाखान्यात नेलं ते चेतनने आणि शेठच्या गाडीने. तिथे काही करायचं राहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी मंडळी जमली. अनुसयाकाकू भिंतीशी बसल्या होत्या. प्रमिलाबाई त्यांचा हात धरून होत्या, रडत होत्या आणि रडता रडता पोरांना सतरंजी नीट घालायला सांगत होत्या. अशोक पाळक दारात उभे राहून हळू बोलत होते. कबरस्तानात सकाळी लवकरची वेळ मिळत होती. उन्हाळा आहे, लवकर उरकलेलं बरं.

"भटूकाकांना कळवलं?" मी विचारलं.

फोन लागत नव्हता. रात्रपाळी असेल, लूमवर फोन बाहेर ठेवतात. खातं कुठलं ते कुणाला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं.

"तो काय यायचाय," प्रमिलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माय मेली तेव्हा आला का वेळेवर?"

"तो सकाळी येणार आहे," मी म्हणालो. "खात्यात. बाबांनी बोलावलंय. बीम सांधायला."

"आला नाही तर?" पाळकांनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांना खरंच काळजी होती. "देह टिकणार नाही, हर्षल."

तेच शब्द मी रसाच्या गाडीवर बाबांकडून ऐकले होते. सगळं सांगावं तर ते माझं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "या वेळेला थांबा. बाबांना थांबायचं होतं."

 अनुसयाकाकूंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांनाही माहीत होतं, हे मला त्या बघण्यावरून समजलं. डिसेंबरची थंडी त्यांनीही अनुभवली होती.

"बर्फ आणा," त्या म्हणाल्या. "भटू येईपर्यंत हलवायचं नाही."

शेठने बर्फाच्या लाद्या पाठवल्या. खात्यातली पोरं भुसा आणि गोणपाट घेऊन आली. रात्रभर पाळी लावून बसली.

सकाळी मी खात्याच्या फाटकाशी उभा होतो. पाळकांचा फोन आला, "आला?" मी म्हणालो, "नाही." ऊन चढत गेलं. पुन्हा फोन आला. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा फोन वाजला तो मी उचलला नाही. येतो म्हणून न आलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. मला भीती वाटत होती की प्रमिलाबाईंचं खरं निघेल. मग बाबांनी दिवसभर केलेल्या त्या अर्ध्या बीमचं काय करायचं?

रिक्षातून एक माणूस उतरला. तोच बांधा, तेच किंचित वाकून चालणं. हातात डब्याची पिशवी. शर्टाच्या खिशात एक गोल डबी.

राखेची डबी आणली होती त्यांनी. कामालाच आले होते.

"बळी कोठे शे?" त्यांनी विचारलं. "एम्मे म्हणून कोणी पोरगा शे, तो दाखवील असं म्हणना तो."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग विचारलं, "माती दिधी का?"

"नाही. तुमच्यासाठी थांबलेत."

ते तिथे फाटकाशीच खाली बसले.

घरी त्यांनी भावाचं तोंड पाहिलं. कुणी घाई केली नाही. आंघोळ घालून झाली होती, पांढरा सदरा चढवला होता, पण नखांत राख राहिली होती. कुणीतरी ओला कपडा घेऊन पुढे झालं. भटूकाका म्हणाले, "राहू द्या ती."

प्रमिलाबाईंनी गाणं धरलं. माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच त्यांचा स्वर फुटला. कबरस्तानात मंडळीतली माणसं कमी आणि खात्यातली जास्त होती. उडिया कारागीर एका बाजूला हात जोडून उभे होते, गेटवरचा भैया होता. चेतन त्याच्या लहान पोरीला कडेवर घेऊन आला होता. भटूकाकांनी पहिली मूठ माती टाकली.

परतताना ते माझ्याजवळ आले. "बीम दाखव."

खात्यात इतर लूम चालू होती. नवं लूम बंद होतं. उजवी बाजू सांधलेली, दाट, सरळ. डावी मोकळी. मध्ये खिळ्याला एक तार. भटूकाका बघत उभे राहिले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि बाबा काय सांगणार होते ते सांगितलं. राजकोट, डिसेंबर, देह टिकणार नाही म्हणणं, खरं कारण, प्रभुभोजनाची थाळी. लूमच्या आवाजात, ओरडून, तुटक तुटक. अशी गोष्ट अशी सांगायची नसते. पण दुसरी जागा नव्हती.

भटूकाकांचं तोंड कसनुसं झालं.  मग म्हणाले, "त्यानी सोता तोंडे सांगाले पाहिजे व्हतं."

"हो," मी म्हणालो.

"तू सांगस. ते काय कामनं."

मला वाटलं ते निघून जातील. जायचा त्यांना हक्क होता. ते दोन पावलं गेलेही. मग डाव्या कडेला जाऊन खाली बसले. खिशातली डबी काढली. बोटांना राख लावली. पहिली तार धरली, जुनं टोक शोधलं, आणि हात तसेच राहिले.

"तो काय बोलत जाये?" त्यांनी मला विचारलं. "फाटकवरना भैया सांगे, नावे लेत जाये म्हणून."

"एका तारेला एक नाव."

"माले कोनी माहीत नही आठे."

चेतन चहा घेऊन आला होता. पोरगी अजून कडेवरच होती. त्याने बशी भटूकाकांच्या पुढे ठेवली. भटूकाकांनी त्याच्याकडे बघितलं, मग पोरीकडे.

"नाव काय रे तुनं?"

"चेतन."

"आनि हिनं?"

"पार्वती. आजीचं ठेवलंय."

भटूकाकांनी मान खाली घातली. ओठ हलले. चिमटीतल्या दोन टोकांना त्यांनी पीळ दिला, सोडलं, आणि दुसरी तार उचलली. ओठ पुन्हा हलले. तिसऱ्या तारेला त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना गेटवरच्या भैयाचं नाव सांगितलं, मग शेठचं, मग प्रमिलाबाईंचं.

संध्याकाळी शेठने येऊन विचारलं, आज पुरा होईल का? भटूकाका म्हणाले, माझी बाजू होईल.

मधली तार खिळ्याला तशीच लोंबत होती. तिचं जुनं टोक उजव्या अंगाला, बाबांच्या बाजूला होतं. ते धरायला माणूस लागत होता.